हॉवर्थच्या घरातील ग्रंथसंगत

इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात ब्राँटे भगिनींचा उल्लेख आला, की वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र उभे राहते. यॉर्कशरमधील ओसाड माळरान, त्यावरून घोंघावत येणारा वारा, दफनभूमीला लागून असलेले पाद्र्याचे दगडी घर, आणि त्या घरात जगापासून तुटून राहिलेल्या तीन बहिणी. १८४७ या एकाच वर्षी शार्लटची 'जेन एअर', एमिलीची 'वुदरिंग हाइट्स' आणि ॲनची 'ॲग्नेस ग्रे' या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. इतक्या एकाकी जीवनातून एवढे वाङ्मय निर्माण झाले कसे, या प्रश्नाला 'दैवी प्रतिभा' असे उत्तर देऊन पुष्कळांनी तो मिटवून टाकला आहे. प्रतिभेचा वाटा कोण नाकारील? परंतु हॉवर्थ गावच्या त्या घरात आणखीही एक गोष्ट होती, आणि तिची नोंद कागदोपत्री सापडते. ती गोष्ट म्हणजे एकत्र वाचन. त्या घरी पुस्तक एकट्याचे कधीच नव्हते. ते एकाने आणावे, सर्वांनी वाचावे, त्यावर वाद घालावा आणि दुसरे सुचवावे, असा क्रम जवळजवळ पंचवीस वर्षे चालला. या बहिणींचे खरे विद्यालय ते होते.

या विद्यालयाचा पाया घातला तो वडिलांनी. पॅट्रिक ब्राँटे यांचा जन्म १७७७ साली आयर्लंडमधील काउंटी डाउन परगण्यात एका गरीब कुटुंबात झाला. दहा भावंडांतील ते थोरले. मिळतील ती पुस्तके वाचून ते शिकले, लहान वयातच शिक्षक झाले, आणि १८०२ साली केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गरीब विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सवलतीवर दाखल झाले. ज्याला लहानशा घरातून केंब्रिजपर्यंत पुस्तकांनीच आणून सोडले, त्याच्या मनात पुस्तकाविषयी केवढी श्रद्धा असेल! त्यांनी स्वतःही कवितांचे लहानसे संग्रह प्रसिद्ध केले होते. पत्नी मारिया हीदेखील वाचणारी होती. १८१२ साली, विवाहाच्या थोडे आधी, तिचे सामान समुद्रमार्गे येत असता गलबत फुटले आणि तिची बहुतेक चीजवस्तू वाहून गेली. त्यातून वाचलेल्या पुस्तकांपैकी एक, म्हणजे हेन्री कर्क व्हाइट या अल्पायुषी कवीच्या लेखनाचा साउदी या कवीने संपादिलेला संग्रह, कुटुंबाने पुढे जिवापाड जपला.

१८२० साली हे कुटुंब हॉवर्थला आले. पुढच्याच वर्षी मारिया वारली आणि सहा मुले पोरकी झाली. तिची बहीण एलिझाबेथ ब्रॅनवेल हिने त्या मुलांसाठी आपले उर्वरित आयुष्य तेथेच काढले. १८२४ साली चार मुलींना कोवन ब्रिज येथील, पाद्र्यांच्या मुलींसाठी काढलेल्या निवासी शाळेत धाडण्यात आले. तेथून आजारी होऊन परतलेल्या मारिया आणि एलिझाबेथ या दोघी थोरल्या मुली १८२५ च्या मे आणि जून महिन्यांत, सहा आठवड्यांच्या आत, निवर्तल्या. मृत्यू त्या गावात नेहमीचाच पाहुणा होता. १८५० साली आरोग्याच्या पाहणीसाठी आलेल्या बॅबेज नावाच्या निरीक्षकाने नमूद केले आहे, की हॉवर्थमध्ये मृत्युसमयीचे सरासरी वय पंचविशीच्या किंचित पुढे होते आणि शंभरांपैकी एकेचाळीसहून अधिक माणसे वयाची सहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच मरत.

या मुलांच्या एकत्र वाचनाची पहिली पुरोहित ती मृत थोरली बहीण मारियाच होती. वर्तमानपत्र घेऊन ती मुलांच्या छोट्या खोलीत दार लावून बसे आणि बाहेर येई ती पार्लमेंटमधील वादविवाद धाकट्यांना सांगतच. तिच्याशी आपण त्या काळच्या कोणत्याही महत्त्वाच्या विषयावर बोलू शकत होतो, अशी आठवण वडिलांनी पुढे सांगितली आहे. तिच्या मागे ते स्थान शार्लटकडे आले. त्या वेळी ती नऊ वर्षांची होती. ब्रॅनवेल हा एकुलता भाऊ आठवे वर्ष सरत आलेला, एमिली सहा वर्षांची आणि ॲन पाच वर्षांची.

चार मुलांच्या या मंडळाला वाचायला काय मिळे, याचा हिशेब शार्लटनेच लिहून ठेवला आहे. १८२९ सालच्या मार्च महिन्यात, तेरावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, तिने एक टिपण लिहिले. 'लीड्स इंटेलिजेन्सर' आणि 'लीड्स मर्क्युरी' ही दोन वृत्तपत्रे घरी घेतली जातात, तिसरे 'जॉन बुल' हे एका शेजाऱ्याकडून वाचावयास येते, आणि 'ब्लॅकवुड्स मॅगझिन' हे मासिकही तोच गृहस्थ देतो, असे ती सांगते. यातील एक वृत्तपत्र टोरी पक्षाचे, तर दुसरे व्हिग पक्षाचे. पॅट्रिक ब्राँटे स्वतः टोरी मताचे. परंतु विरुद्ध पक्षाचे म्हणणेही घरात आले पाहिजे आणि मुलांनी ते वाचले पाहिजे, हे त्यांना मान्य होते. ज्या घरात दोन मते रोज मेजावर येऊन पडतात, त्या घरातील मुलांना वाद घालावयास निराळे शिकवावे लागत नाही.

वाचलेले खेळात उतरण्यास वेळ लागला नाही. १८२६ च्या जून महिन्यात वडिलांनी लीड्सहून ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांचा संच आणला. प्रत्येकाने आपापला शिपाई निवडला. शार्लटने आपल्या शिपायाचे नाव ठेवले ड्यूक ऑफ वेलिंग्टन, तर ब्रॅनवेलने आपल्याचे बोनापार्ट. शार्लटचा हा आवडता वीर महाराष्ट्रालाही परका नाही. १८०३ साली असईच्या रणात शिंदे व भोसले यांच्या सैन्याशी लढलेला आर्थर वेलस्ली तो हाच. वर्तमानपत्रांतून आणि मासिकांतून या मुलांनी त्याच्याविषयी जे वाचले, त्यावर त्यांनी एक काल्पनिक राज्यच उभारले. आणि राज्य म्हटले की त्याला नियतकालिक हवेच. तेव्हा 'ब्लॅकवुड्स' च्या धर्तीवर ब्रॅनवेलने आणि मग शार्लटने हातांनी लिहिलेली मासिके सुरू केली. ही मासिके जेमतेम आगपेटीएवढी. लाकडी शिपायांच्या हातांत शोभतील अशा मापाची! अक्षर इतके बारीक, की मोठ्या माणसांना ते भिंगाशिवाय वाचता येऊ नये. आत गोष्टी, कविता आणि संवाद तर असतच. पण जाहिरातीही असत. मासिक नुसते वाचावयाचे नसते, ते कसे बनते हेही पाहावयाचे असते, ही समज या मुलांना दहाव्या-बाराव्या वर्षीच आली होती. त्यांपैकी १८३० सालचा एक अंक २०१९ साली पॅरिसमधील लिलावात सहा लाख युरोंना विकत घेण्यात आला आणि हॉवर्थला परत आला.

घरातील पुस्तके लवकरच संपली. जवळचे मोठे गाव कीथली, तेथून चार मैलांवर. तेथे १८२५ साली कारागिरांच्या शिक्षणासाठी मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली होती, आणि तिच्या ग्रंथालयाचे पॅट्रिक ब्राँटे सभासद होते. कीथलीतून पुस्तके आणण्यासाठी या मुली चार मैल जात आणि चढावर वसलेल्या हॉवर्थकडे ओझे घेऊन पायी परतत. पुढे शार्लटला शाळेत दोन जिवलग मैत्रिणी मिळाल्या, एलन नसी आणि मेरी टेलर. टेलर कुटुंबाकडून १८४० साली चाळीसांहून अधिक फ्रेंच पुस्तकांचा एक गठ्ठा हॉवर्थला येऊन पडल्याचे शार्लटच्या पत्रात आहे. अशा रीतीने मासिक शेजाऱ्याचे, पुस्तके कारागिरांच्या ग्रंथालयातली आणि फ्रेंच वाङ्मय मैत्रिणीच्या घरचे, अशा उसनवारीवर हे मंडळ चालले. श्रीमंतांच्या घरी कपाटे भरलेली असत आणि वाचणारे कोणी नसे. येथे वाचणारे चार आणि पुस्तक एक, म्हणून ते चौघांच्या हातांतून फिरे.

या वाचनाचे एक वैशिष्ट्य असे, की त्याला मज्जाव नव्हता. त्या काळी सभ्य घरांतील मुलींच्या वाचनावर कडक नजर असे. कादंबरी संशयास्पद मानली जाई, आणि बायरनसारख्या कवीचे नाव काढणेही धाडसाचे होते. पाद्र्याच्या या घरात मात्र बायरन उघडपणे वाचला जाई. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात मुलीने अक्षर ओळखले तर घरावर संकट येईल, असे मानणारे पुष्कळ होते. 'जेन एअर' प्रसिद्ध झाल्यानंतर पुढच्याच वर्षी, १८४८ साली, जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा त्यांना जो विरोध झाला तो सर्वश्रुत आहे. इंग्लंडमध्ये मुलींना अक्षरबंदी नव्हती. पण वाचलेल्याचे काय करावयाचे, यावर मात्र बंदी होती. त्या भिंतीशी शार्लटची गाठ पडावयाची होतीच.

तत्पूर्वी तिने लिहिलेल्या एका पत्राकडे वळले पाहिजे. एलन नसीने तिला काय वाचावे असे विचारले असावे. ४ जुलै १८३४ च्या पत्रात शार्लटने तिला पुस्तकांची यादीच पाठविली. लिहिणारी अठरा वर्षांची आणि विचारणारी सतरा वर्षांची. काव्यात मिल्टन, शेक्सपिअर, टॉमसन, गोल्डस्मिथ, पोप, स्कॉट, बायरन, कॅम्बेल, वर्ड्सवर्थ आणि साउदी. इतिहासात ह्यूम आणि रोलिन. चरित्रांत जॉन्सनने लिहिलेली कवींची आणि बॉस्वेलने लिहिलेले जॉन्सनचे, साउदीचे नेल्सनचरित्र, लॉकहार्टचे बर्न्सचरित्र. निसर्गविषयक ग्रंथांत बेविक, ऑड्युबॉन आणि सेलबोर्नचा व्हाइट. कादंबऱ्यांपैकी केवळ स्कॉटच्या वाचाव्यात, त्यानंतरच्या साऱ्या कुचकामी, असा तिचा निःसंकोच निकाल! शेक्सपिअरच्या सुखात्मिका आणि बायरनचे 'डॉन जुआन' गाळावे, असा मैत्रिणीला सल्लाही त्यात आहे. अर्थात काय गाळावे हे ज्याला इतके नेमके ठाऊक असते, त्याने ते स्वतः वाचलेले असते, हे सांगावयास नको. ही यादी एकट्या शार्लटची नव्हे. हॉवर्थच्या मेजाभोवती जे वर्षानुवर्षे वाचले गेले, त्याचाच तो सारांश होय. बेविकचा पक्ष्यांवरील ग्रंथ ही सारी भावंडे चित्रे उतरवून घेण्यासाठी हाताळीत. आणि 'जेन एअर'च्या पहिल्याच प्रकरणात खिडकीत दडून बसलेली पोरकी मुलगी जे पुस्तक चाळते, तेही बेविकचेच.

त्या यादीतील साउदी या राजकवीलाच १८३६ च्या डिसेंबरअखेर शार्लटने आपल्या कविता पाठवून अभिप्राय मागितला. मार्चमध्ये उत्तर आले. तुझ्या अंगी कवित्वशक्ती आहे, परंतु वाङ्मय हा स्त्रीच्या जीवनाचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊ नये, असा त्याचा आशय होता. पत्र सौजन्यपूर्ण होते, म्हणूनच त्याचा घाव खोल गेला. ज्याने संपादिलेले पुस्तक आईच्या फुटलेल्या गलबतातून वाचले होते आणि ज्याचे ग्रंथ या मुलींनी इतरांना वाचावयास सांगितले होते, तोच त्यांना सांगत होता, की वाचा, पण आमच्या पंक्तीला बसू नका. बाहेरच्या जगाने असे दार लावले, तेव्हा घरातील मंडळ नसते तर शार्लटचे लेखन तेथेच थांबले नसते काय?

उपजीविकेसाठी या बहिणींना वारंवार घर सोडावे लागले. शार्लटने शाळेत शिकविले, ॲन परक्या घरी मुलांची शिक्षिका म्हणून पाच वर्षे राहिली, १८४२ साली शार्लट आणि एमिली ब्रुसेल्सला शिकावयास गेल्या. परंतु अंतरामुळे सोबत तुटली नाही. एमिली आणि ॲन या दोघींनी ठरावीक वर्षांनी एक कागद लिहून ठेवावा, घरात कोण काय करीत आहे, आपण काय लिहीत आहो हे त्यात नोंदवावे आणि चार वर्षांनी तो उघडावा, असा प्रघात पाडला होता. १८४५ च्या जुलैमधील कागदात ॲन लिहिते, की एमिली आपल्या कल्पित राज्यातील एका सम्राटाचे चरित्र लिहीत आहे, त्यातील थोडे तिने वाचून दाखविले आणि पुढचे ऐकण्याची फार उत्सुकता आहे. पंचवीस वर्षांची बहीण सत्तावीस वर्षांच्या बहिणीच्या पुढच्या पानाची वाट पाहत आहे! लेखकाला यापेक्षा मोठा आधार कोणता हवा?

त्याच वर्षी शरद ऋतूत एमिलीच्या कवितांची वही शार्लटच्या हाती लागली. न विचारता वाचल्याबद्दल एमिली संतापली. तिची समजूत घालावयास कित्येक तास आणि छापण्यास राजी करावयास कित्येक दिवस लागले. मग ॲनने आपण होऊन आपल्या कविता पुढे केल्या. मावशीने मृत्युपत्राने ठेवलेल्या पैशांतून खर्च करून, १८४६ च्या मे महिन्यात करर, एलिस आणि ॲक्टन बेल या पुरुषी भासणाऱ्या नावांनी संग्रह निघाला. पहिल्या वर्षी त्याच्या प्रती खपल्या दोन. पण त्यापूर्वीच तिघी कादंबऱ्यांना लागल्या होत्या.

त्या दिवसांची दिनचर्या श्रीमती गॅस्केल यांनी १८५७ साली प्रसिद्ध केलेल्या शार्लटच्या चरित्रात दिली आहे. रात्री नऊ वाजता शिवणकाम बाजूला ठेवावयाचे आणि भोजनाच्या खोलीत मेजाभोवती तिघींनी येरझारा घालावयाच्या. येरझारा घालता घालता कथानकांची चर्चा होई. आठवड्यातून एकदोनदा प्रत्येकीने लिहिलेला भाग इतरांना वाचून दाखवावयाचा आणि त्यांचे मत ऐकावयाचे. आपल्याकडे चातुर्मासात घरोघर पोथी लागे, तेव्हा एकजण वाची आणि बाकीचे ऐकत. ऐकणारे मध्येच शंका काढीत आणि वाचणाऱ्याला थांबून अर्थ सांगावा लागे. हॉवर्थच्या खोलीतही तसेच चाले. फरक इतकाच, की तेथील पोथी ऐकणाऱ्यांपैकीच एकीने आदल्या दिवशी लिहिलेली असे.

हे ऐकणे केवळ कौतुकाचे नव्हते. कथानायिका सुंदरच असली पाहिजे, हे बहिणींचे म्हणणे शार्लटला पटले नाही. मी तुम्हाला माझ्याइतकीच लहानखुरी आणि सामान्य रूपाची नायिका दाखविते, असे तिने त्यांना बजावले आणि जेन एअर जन्माला आली. 'वुदरिंग हाइट्स'मधील काही प्रसंग ऐकून झोप उडते, अशी तक्रार झाली तर एमिली ती हसण्यावारी नेई. इतरांच्या सूचनेवरून आपण क्वचितच काही बदलले, असे शार्लटनेही सांगितले आहे. मग या वाचनाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग हा, की विरोधी मत ऐकून आपले मत अधिक ठाम करावयाची संधी प्रत्येकीला मिळे. एकाच खोलीत, एकाच वाचनावर वाढलेल्या या तीन कादंबऱ्या एकमेकींसारख्या का नाहीत, याचे उत्तर तेथे आहे. एकत्र वाचणाऱ्यांना एकसारखे लिहावे लागत नाही, उलट आपले वेगळेपण कोठे आहे ते त्यांना लवकर कळते.

हे मंडळ ज्या वेगाने बहरले, त्याहून अधिक वेगाने मोडले. २४ सप्टेंबर १८४८ रोजी ब्रॅनवेल गेला. १९ डिसेंबरला एमिली गेली. तिच्या मृत्यूच्या आदल्या संध्याकाळी शार्लट तिला एमर्सनचा एक निबंध वाचून दाखवीत होती. ती ऐकत नाही असे दिसले, तेव्हा उरलेला उद्या वाचू म्हणून शार्लटने पुस्तक ठेवले. तो उद्या आला नाही. २८ मे १८४९ रोजी स्कारबरो येथे ॲनही गेली. आठ महिन्यांत मेजाभोवतीच्या तिघींपैकी एक उरली.

आता 'जेन एअर'चे प्रकाशक शार्लटला लंडनहून पुस्तकांच्या पेट्या पाठवीत. त्यांच्याकडील विल्यम्स नावाचे साक्षेपी गृहस्थ पत्रांतून पुस्तके सुचवीत आणि तीही आपली मते मोकळेपणाने कळवी. लुइस या टीकाकाराच्या शिफारशीवरून तिने याआधीच, १८४८ साली, जेन ऑस्टिन वाचली होती आणि ती आपल्याला मानवत नाही असे साफ लिहिले होते. १८५० साली तिने 'एमा' वाचली, तरी मत पालटले नाही. पुस्तके पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक होती. नव्हता तो मेजापलीकडून ताबडतोब उठणारा प्रतिवादाचा आवाज.

त्याची उणीव काय करू शकते, याचा एक दाखला शार्लटच्याच हातून घडला. १८५० साली तिने बहिणींच्या पुस्तकांची नवी आवृत्ती काढली आणि प्रस्तावनेत त्यांच्याविषयी अत्यंत प्रेमाने लिहिले. परंतु एमिलीच्या कवितांच्या ओळी तिने मधूनमधून बदलल्या, आणि ॲनची दुसरी कादंबरी, 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल', जतन करण्याजोगी नाही असे ठरवून गाळून टाकली. मद्यपी पतीचे घर सोडून जाणाऱ्या स्त्रीची ती कथा आज ॲनची श्रेष्ठ कृती मानली जाते. ॲन समोर असती तर शांतपणे, पण ठामपणे 'नाही' म्हणाली असती. तिघींच्या मंडळात कोणाचाही निकाल अखेरचा नसे. एकटीचे मंडळ झाले, तेव्हा तो अखेरचा झाला.

१८५३ साली श्रीमती गॅस्केल हॉवर्थला राहून गेल्या. तेथील मोलकरणीने त्यांना सांगितले, की पूर्वी रात्री तिघींच्या पावलांचा आवाज येई; मग दोघींचा येऊ लागला; आता एकट्याच बाईसाहेब मेजाभोवती फिरत राहतात, आणि तो आवाज ऐकून जीव तुटतो. ३१ मार्च १८५५ रोजी शार्लटही निवर्तली, आणि ज्यांच्यापासून हे सारे सुरू झाले ते वडील सहाही मुलांच्या मागे १८६१ पर्यंत जगले.

१९२८ पासून ते घर संग्रहालय झाले आहे. देशोदेशींचे लोक तेथे माळरान पाहण्यासाठी जातात आणि भोजनाच्या खोलीतील मेजापाशी थांबतात. प्रतिभा वाऱ्यातून आली की माळावरून, हे कोणी सांगू शकणार नाही. पण वर्तमानपत्र मोठ्याने वाचणारी थोरली बहीण, शेजाऱ्याकडून आलेले मासिक, चार मैलांवरून वाहून आणलेले पुस्तक आणि 'पुढचे केव्हा वाचून दाखविणार?' असे विचारणारी धाकटी, यांचा हिशेब मात्र मांडता येतो. त्यांतले एकही पैशाने विकत घेतलेले नव्हते. आणि ते कोणत्याही घरात, कोणत्याही भाषेत, जमू शकेल असे होते.